माठाची खरी किंमत

उन्हाळा आला की घरोघर माठ येतो. माठाच्या अंगाला बारीक छिद्रे असतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते, आणि आतले पाणी गार पडते.

पण माठ घेताना आपण काय करतो? बोटाने ठोकून पाहतो आणि म्हणतो, "मातीचाच तर आहे. कमी करा की!"

आम्हीही असेच म्हणत होतो. शाळेसाठी माठ घ्यायचे, तेव्हा घासाघीस करून भाव पाडायचो. मुलांना इतकी वर्षे गणित शिकवले, पण हे एक गणित कधी मांडले नाही. आज ते तुमच्याबरोबर मांडू.

माती फुकट मिळते काय? मुंबईत धारावीला कुंभारवाडा आहे. तिथली पुष्कळ कुटुंबे मूळची सौराष्ट्रातली. त्यांना माती बाहेरून विकत आणावी लागते. मग ती वाळवायची, कुटायची, चाळायची, भिजवायची, तुडवायची. चाकावर घडवलेला माठ थापटून मोठा करायचा, सुकवायचा आणि भट्टीत भाजायचा. भाजताना काही माठ तडकतात. अवेळी पाऊस आला, तर कच्च्या माठांचा पुन्हा चिखल होतो.

आता पाटी घ्या. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत.

नवरा-बायकोने 10 दिवस राबून 100 माठ केले. 20 तडकले, 80 उरले. माती, जळण आणि गाडीभाडे मिळून 4,000 रुपये खर्च झाला. व्यापाऱ्याने माठामागे 100 रुपये दिले. हाती आले 8,000. खर्च वजा जाता उरले 4,000. म्हणजे दर माणशी रोजचे 200 रुपये पडले.

आता मजुरी रोज 500 रुपये धरू. दोघांची 10 दिवसांची मजुरी 10,000. खर्च मिळवून 14,000. याला 100 ने भागले तर 140 येतात. पण विकायला माठ आहेत 80! म्हणून 80 ने भागा. उत्तर येते 175. हीच माठाची खरी किंमत. फुटलेला माठ हिशेबातून सुटला की कुंभार बुडतो. घरच्या बाईची मजुरी धरली नाही, तरीही बुडतो. माती तुडवायला ती होती ना?

दुसरी अडचण पैशाची. माल विकण्याआधीच माती आणि जळण घ्यावे लागते. त्यासाठी उचल घेतली, की उचल देणाराच भाव ठरवतो. यावर उपाय म्हणून जगात 'रास्त व्यापार' ही रीत निघाली. तिची जागतिक संघटना 1989 साली स्थापन झाली. तिचे नियम साधे आहेत. भाव दोघांनी मिळून ठरवावा. कारागिराने मागितल्यास हातमालाची निम्मी रक्कम आगाऊ, बिनव्याजी द्यावी. बाईला आणि पुरुषाला सारख्या कामाचा सारखा दाम द्यावा.

मंडळी, तुमच्यापैकी कोणी कुंभार असेल, कोणी बुरूड, कोणी विणकर. रोजचा खर्च वहीत लिहा. फुटतूट लिहा. घरच्यांचे दिवस लिहा. मग "परवडत नाही" हे आकडा दाखवून सांगता येईल.

आणि माठ घ्यायला जाल, तेव्हा भाव पाडण्याआधी हे गणित आठवा.

सोडवा : वरच्या हिशेबात 20 ऐवजी 30 माठ तडकले, तर एका माठाची किंमत किती पडेल?