मागचे पाय लुळे पडलेल्या सशाची निगा

ससा हा धावण्यासाठी घडलेला प्राणी आहे. त्याच्या मागच्या पायांचे स्नायू अतिशय बळकट असतात; परंतु सांगाडा मात्र हलका असतो. मांजराच्या सांगाड्याचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे १३ टक्के भरते. सशाच्या बाबतीत ते ८ टक्क्यांच्या आसपासच असते. बळकट स्नायू व नाजूक हाडे यांच्या या विषम जोडीतच एका गंभीर विकाराचे मूळ आहे.

विकाराची कारणे

ससा उचलताना त्याचे मागील अंग अधांतरी राहिले आणि त्याने भयाने जोरात लाथ झाडली, तर कमरेचा मणका मोडतो किंवा निखळतो. ही इजा बहुधा कमरेच्या शेवटच्या, म्हणजे सातव्या मणक्याजवळ होते. तेथे मज्जारज्जू चेपला गेला की मेंदूच्या आज्ञा पायांपर्यंत पोहोचत नाहीत व पाय लुळे पडतात.

दुसरे कारण सूक्ष्म परोपजीवीचे. १९२२ साली राइट व क्रेगहेड यांनी पक्षाघात झालेल्या सशांत तो प्रथम पाहिला. एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली हे त्याचे नाव. रोगी सशाच्या मूत्रातून त्याचे बीजाणू पसरतात. म्हणून पिंजरा साफ केल्यावर हात साबणाने धुवावेत. वार्धक्यात मणके झिजल्यानेही पाय हळूहळू दुर्बळ होतात.

पहिले काही तास

इजा झालेल्या सशास पेटीत ठेवून दोन्ही बाजूंस टॉवेलच्या गुंडाळ्या लावाव्यात व विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे. पशुवैद्य क्ष-किरण चित्र घेतो व बोटे चिमटून संवेदना तपासतो. केवळ पाय आखडला म्हणजे संवेदना शाबूत आहे असे नव्हे. ती मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रियाही असू शकते. ससा वळून पाहतो किंवा दचकतो की नाही, हे महत्त्वाचे. सूज ओसरल्यावर काही सशांच्या पायांत थोडीफार शक्ती परत येते. मज्जारज्जू तुटला असल्यास मात्र ती येत नाही.

दैनंदिन शुश्रूषा

अशा सशास सर्वांत मोठा धोका ओलाव्याचा. मूत्राने भिजून कातडी सोलवटते. ओल्या, मळक्या केसांत माश्या अंडी घालतात आणि एका दिवसातही अळ्या निघून मांसात शिरतात. म्हणून ओल टिपून घेणारे मऊ अंथरूण वारंवार बदलावे; मागील अंग कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडे करावे. संपूर्ण स्नान घालू नये. मूत्राशय आपोआप रिकामे होत नसल्यास ते दाबून रिकामे करावे लागते. ही कृती पशुवैद्याकडून शिकल्यावाचून करू नये.

आहारात मुख्य भाग वाळलेल्या गवताचा असावा. त्याने सतत वाढणारे दात झिजतात व आतडी चालू राहतात. कोरड्या लेंड्यांखेरीज ससा मऊ, चिकट लेंड्याही टाकतो व त्या तेथल्या तेथे तोंडाने घेऊन गिळतो. त्यांत प्रथिने व ब जीवनसत्त्वे असतात. लुळ्या सशाचे तोंड तेथवर पोहोचत नाही. अशा वेळी त्या उचलून त्याच्यापुढे ठेवाव्यात. पाणी उथळ भांड्यात, तोंडाजवळ ठेवावे. सशाने १२ तास काही खाल्ले नाही, तर तो संकटसमय समजावा.

पशुवैद्याच्या अनुमतीने पाय दिवसातून काही वेळा हळुवारपणे दुमडावे व सरळ करावे. त्यामुळे सांधे आखडत नाहीत. कूस बदलत राहिल्याने जखमा टळतात. उन्हाळ्यात त्यास थंड, हवेशीर जागी ठेवावे. पुढील पाय सशक्त असल्यास काही ससे चाकांच्या छोट्या गाडीच्या आधारे फिरू लागतात.

कठीण निर्णय

नीट खाणारा, अंग स्वच्छ राहिलेला व आसपासच्या हालचालींत रस घेणारा ससा लुळ्या पायांनिशीही समाधानाने जगू शकतो. परंतु ससा वेदना लपवितो. दात करकरा खाणे, कुबड काढून निश्चल बसणे, अन्न नाकारणे ही तिची चिन्हे होत. उपचारांनी वेदना शमत नसतील व जखमा भरत नसतील, तर पशुवैद्याच्या हस्ते वेदनारहित मृत्यू देणे हीच दया ठरते.

यांतील पुष्कळ दुःख टाळता येण्याजोगे आहे. ससा कानांनी किंवा मानेच्या कातडीने कधीही उचलू नये. एक हात छातीखाली व दुसरा पुठ्ठ्यांखाली घालून त्यास अंगाशी धरावे. लहान मुलांनी त्यास न उचलता जमिनीवर बसूनच खेळवावे.