पाय बधिर होतात तेव्हा

तायांनो, बैठकीत मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात, चार पावलं चाललं की जातात. दबलेली नस मोकळी होते, एवढंच.

पण मागच्या रोवणीत एका ताईच्या तळव्यात काटा रुतला, तिला कळलंच नाही. घरी पाय धुताना रक्त दिसलं. ही बधिरता वेगळी. दोन्ही तळव्यांना मुंग्या, रात्री आग होत असेल तर रक्तातली साखर तपासा. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलं तरी असं होतं.

आपल्या भंडारा जिल्ह्यात मात्र आणखी एक बघायलाच हवं: अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, तिथे स्पर्श कळतो का? तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून आपण पदराआड ठेवतो. कुष्ठरोग निघाला तरी सरकारी दवाखान्यात गोळ्या मोफत आहेत, ६ किंवा १२ महिने. रोग बरा होतो. पण उशीर केला तर गेलेली संवेदना बहुतेक परत येत नाही.

पुढच्या बैठकीला आशाताई येणार आहेत. लाजू नका, चट्टा दाखवा. आणि पाय अचानक लुळा पडला तर बैठकीची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.