कूपे घेण्याआधी मागे बसून बघ

ठाणे

चि. सानिकास,


कर्व, बसाल्ट आणि बीई ६, तिन्ही गाड्यांचे फोटो बघितले. सगळे बाजूने काढलेले. कूपेचा सगळा दिमाख त्या मागे उतरत जाणाऱ्या छपरात, म्हणून. गाड्यांच्या विम्याचे सर्व्हे करण्यात माझी हयात गेली, त्यामुळे मला गाडी आधी मागून आणि खालून दिसते. कूपे घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. स्वतःच्या पगारातून घेतेयस, हौसेला मोल नाही. फक्त त्या उतरत्या छपराचं मोल मागे बसणारा चुकवतो, चालवणारा नाही. तुमच्याकडे मागे कोण बसणार? सहा फुटी भाऊजी आणि गुडघेदुखीची तुझी आजी.

म्हणून शोरूममध्ये आधी स्टिअरिंगला हात लावू नकोस. भाऊजींना मागे नीट टेकून बसव आणि डोकं नि छत यांच्यात चार बोटं तरी सुटतात का बघ. आजीला आत शिरताना मान किती वाकवावी लागते, तेही बघ. बसाल्टचा व्हीलबेस २६५१ मिमी, कर्वचा २५६०. हे ९१ मिमी मागच्या गुडघ्यांना कळतात. उलट भारत एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत कर्वला पाच तारे, बसाल्टला चार. डिकी ५०० लिटर की ४७०, यावर डोकं शिणवू नकोस.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमचा पोरगा गुळगुळीत रस्ता धरेल. तू म्हण, शिळफाट्याकडून काटई नाक्यापर्यंत जाऊ, आणि चौघं बसून जाऊ. कर्वचा ग्राउंड क्लिअरन्स २०८ मिमी, बसाल्टचा १८०. पण माणसं बसली, डिकी भरली की तो छापल्याइतका राहत नाही. सोसायटीच्या गेटातल्या गतिरोधकावर पोट घासतंय का, काच खाली करून ऐक. टायरवर २१५/५५ आर १८ असं काही लिहिलेलं असतं. मधला आकडा म्हणजे टायरच्या रुंदीच्या किती टक्के रबर रिमच्या बाजूला उभं आहे ते. इथे साधारण ११८ मिमी. हा आकडा ४५ किंवा ४० वर आला की गाडी झकास दिसते आणि खड्ड्यात अलॉय वाकतो. असे अलॉय मी ढिगाने पाहिलेत, प्रत्येकाचा मालक म्हणतो की खड्डा दिसलाच नाही.

पावसाचंही ऐकून ठेव. साचलेल्या पाण्यात पेट्रोल गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. इंजिन पाणी ओढतं, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत तो खर्च सहसा मिळत नाही. इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. ते घेच.

आता पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४०. कर्व ४३०८ मिमी, बसाल्ट ४३५२, म्हणजे दोघी चाळिसात. बीई ६ विजेवरची, तिला ५ टक्के. पण ती बाजारात आली तेव्हाच १८.९० लाखांपासून होती. विजेच्या गाडीत घातलेले जास्तीचे पैसे रोज दामटलीस तर वसूल होतात. तू सोमवार ते शुक्रवार लोकलला लटकणार नि गाडी स्टिल्टखाली धूळ खाणार. शिवाय चार्जरसाठी सोसायटीच्या कमिटीशी भांडण आलंच. माझ्या मते ती यादीतून काढ.

आणखी थोडं मागे जाऊन सांगतो. नव्वदच्या दशकात गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची छोटी टू-सीटर निघाली, पुढे २०१२च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रियांची डीसी अवंती झळकली. दोन्ही बघून माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. पण दारात मोजक्याच आल्या, आणि जी गाडी रस्त्यावर मोजकी, तिची काच नि बंपर मिळवताना मालक रडकुंडीला येतो. म्हणून सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आणि बंपर किती दिवसांत मिळतो, हे सेल्समनला नाही, वर्कशॉपच्या माणसाला विचार.

मला विचारशील तर भाऊजींचं डोकं छताला लागलं नाही तर टर्बो बसाल्ट. लागलं तर कूपेचा नाद सोड आणि सरळ नेक्सॉन बघ. ती ३९९५ मिमी, पेट्रोलमध्ये १८ टक्क्यांत बसते. कोटेशनमध्ये हँडलिंग चार्ज दिसला तर खोडायला लाव. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नसते. बुकिंगचे पैसे भरण्याआधी कोटेशनचा फोटो मला पाठव.

तुझा,
मामा