स्वेटर का आटतो?

लोकरीचा स्वेटर सुती कपड्यांबरोबर धुलाईयंत्रात गरम पाण्यात टाकला, तर बाहेर येतो तो धाकट्या भावंडाच्या मापाचा होऊन! मग कितीही ताणा, तो पूर्ववत होत नाही. असे का व्हावे?

फणीत अडकलेला एक लांब केस घ्या. तो अंगठा व तर्जनी यांत धरून बोटे केसाच्या लांबीच्या दिशेने मागेपुढे चोळा. बोटे दोन्हीकडे फिरतात. केस मात्र मुळाकडचे टोक पुढे करून एकाच बाजूला सरकतो. केसावर कौलांसारखे खवले असतात व त्यांच्या कडा शेंड्याकडे वळलेल्या असतात, म्हणून उलट दिशेला ते अडतात. लोकर म्हणजे मेंढीचे केसच. गरम साबणपाण्यात तंतू मऊ होतात, घुसळणीने एकमेकांत शिरतात आणि खवल्यांमुळे मागे येऊ शकत नाहीत. काश्मिरी नमदा याच गुणामुळे न विणता तयार होतो.

म्हणूनच यंत्रावरील 'वूल' धुलाईत पाणी थंड किंवा कोमट असते व ड्रम थांबत थांबत, सावकाश फिरतो. कापसाला खवले नसतात. पांढरी सुती चादर ६०° सेल्सिअसलाही खुशाल धुवावी. (रंगीत असेल तर आधी रंग पक्का आहे का ते पाहा, बरे का!)

एक गोष्ट मात्र यंत्राला कळत नाही. धुण्याच्या पुष्कळ पावडरींत प्रथिने तोडणारी विकरे असतात. रक्ताचे, दुधाचे डाग ती काढतात. पण लोकर हेही केराटिन नावाचे प्रथिनच आहे.