पृथ्वी तापण्याचें कारण : शंका व तिची परीक्षा

पृथ्वी तापत आहे हें आतां फारसें कोणी नाकारीत नाहीं. वाद आहे तो कारणाविषयीं. सूर्याचें तेज कमीजास्त होतें, ज्वालामुखी धुमसतात. त्यांपुढें मनुष्याच्या यंत्रांचा धूर तो काय, असें पुष्कळ शेतकरी बंधु विचारतात. शंका रास्त आहे, व शास्त्रज्ञांनींही ती पूर्वींच घेतलेली आहे.

कोळसा जळतांना निघणारा कर्बद्विप्राणिद वायु (यापुढें आम्ही त्यास नुसता कर्बवायु म्हणूं) उष्णतेचे किरण अडवितो, हें टिंडाल यांनीं १८५९ सालीं प्रयोगानें दाखविलें. १९३८ सालीं कॅलेंडर नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें १४७ ठिकाणचीं उष्णतामानें तपासून, पृथ्वी तापूं लागली आहे व त्यास बव्हंशीं कर्बवायु कारण आहे, असा निबंध लंडनच्या रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढें ठेविला. तेथें सर जॉर्ज सिंप्सन यांनीं हरकत घेतली. हे गृहस्थ पूर्वीं सिमल्यास हिंदुस्थानच्या हवामान खात्यांत होते. वायु व उष्णता एकाच काळीं वाढलीं हा योगायोगही असूं शकेल, असें त्यांचें म्हणणें. ज्या वर्षीं खत घातलें त्याच वर्षीं पाऊसही बरा झाला, तर पिकाचें श्रेय खतास देतां येत नाहीं. शेजारीं बिनखताचा तुकडा लागतो. पृथ्वी तर एकच. दुसरा तुकडा आणावा कोठून?

म्हणून प्रत्येक कारणाची खूण निराळी शोधावी लागली. हवेंतील कर्बांत किरणोत्सर्गी कर्बाचा अल्प अंश असतो. तो हजारों वर्षांत क्षय पावतो, म्हणून कोट्यवधि वर्षें पुरलेल्या कोळशांत व खनिज तेलांत तो उरत नाहीं. १९५५ सालीं झ्यूस यांनीं झाडांचें लांकूड तपासलें, तों अलीकडच्या वर्षांच्या लांकडांत हा अंश घटलेला आढळला. म्हणजे हवेंत पुरातन कर्ब मिसळत होता. ज्वालामुखींच्या वायूंतही हा अंश नसतो हें खरें. परंतु ते वर्षास जितका कर्बवायु सोडतात तो मनुष्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही भरत नाहीं. हवाई बेटांत कीलिंग यांनीं १९५८ सालीं मोजणी आरंभिली, तेव्हां हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बवायु सुमारें ३१५ भाग होता; २०२४ सालीं तो ४२४ वर गेला.

राहिला सूर्य. १९७८ पासून उपग्रहांवरून त्याचें तेज मोजलें जात आहे. त्यांत सुमारें अकरा वर्षांचा चढउतार दिसतो, पण पृथ्वीच्या तापण्यास पुरेल अशी वाढ दिसत नाहीं. शिवाय सूर्य कारण असता तर हवेचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षांत खालचा थर तापत असतां वरचें स्थितांबर निवत आहे. आणि कर्बवायु वाढल्यास असेंच होईल, हें मानाबे व वेदराल्ड यांनीं १९६७ सालींच गणितानें सांगितलें होतें. आमच्या मतें सिंप्सन यांच्या हरकतीस याहून नेमकें उत्तर नाहीं.

कॅलेंडर यांस ही ऊब शेतीस हितकर वाटली होती. थंड देशांतील माणसाचें तें मत. आपल्या गव्हाचा दाणा भरतांना उष्णता वाढली तर तो बारीक राहतो. शंकेस जागा उरली आहे ती कारणांत नव्हे, प्रमाणांत : हवेंतील कर्बवायु दुप्पट झाल्यास उष्णतामान अडीच अंश वाढेल कीं चार, हें अजून पक्कें ठरलेलें नाहीं, आणि एखाद्या तालुक्याच्या पुढील पावसाचा अंदाज तर त्याहूनही कच्चा आहे.