मोबदल्याचे पैसे आणि फिरण्याची हौस

प्रश्न : महामार्गात जमीन गेली, मोबदला भरपूर मिळाला. आता आयुष्यभर देश-परदेश फिरायचं ठरवलंय. बायको म्हणते, वर्षभरात कंटाळाल. खरं का? — वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : वर्ष तरी लागेल का, हीच मला शंका. १९७८ साली अमेरिकेत लॉटरी लागलेल्या २२ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नमुना लहान, पण इतरांपेक्षा ते फारसे सुखी नव्हते. उलट गप्पा, न्याहारी अशा रोजच्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली दिसली. २०१० च्या एका डच अभ्यासात सुटीचा आनंद निघण्याआधीच जास्त आढळला. सतत फिरणाऱ्याला ही वाट पाहणंच मिळत नाही.

वारकरी मात्र दरवर्षी त्याच रस्त्याने जातात आणि कंटाळत नाहीत. दिंडीत त्यांची जागा ठरलेली, सोबती ठरलेले, आणि मागे शेत असतं. तुमचं शेत गेलंय. मला काळजी त्याची वाटते. थोडी जमीन पुन्हा घ्या, मग वर्षातून एक-दोनदा लांब जा. तोवर तालुक्यातली खरोशाची लेणी बघून या. आणि वहिनींना कुठे जायचंय तेही विचारा. पत्रात त्यांचा बेत कुठेच दिसला नाही.