हरभऱ्याचा फुलोरा आणि जमिनीतील ओल

हरभरा हे आपल्या राज्यातील रब्बी हंगामाचे महत्त्वाचे कडधान्य होय. त्याचे बरेचसे क्षेत्र जिरायत आहे. पावसाळा संपत आला की पेरणी होते आणि पुढे पिकाला आधार उरतो तो जमिनीने साठविलेल्या ओलीचा. ही ओल दिवसेंदिवस खोल जाते आणि हंगामाच्या अखेरीस ऊन तापू लागते. फुलोरा उशिरा आला, तर घाटे भरण्यापूर्वीच झाड वाळू लागते. म्हणून पहिले फूल केव्हा उमलते, हा प्रश्न जिरायत शेतकऱ्याच्या दृष्टीने उत्पन्नाचाच प्रश्न आहे.

फुलोरा कशाने ठरतो?

हरभऱ्याचे मूळ स्थान तुर्कस्तानच्या आग्नेय भागात असल्याचे मानले जाते. हे पीक दीर्घदिवसी आहे, म्हणजे दिवस मोठा असता ते लवकर फुलते. आपल्याकडे मात्र पेरणीनंतर डिसेंबरपर्यंत दिवस लहान होत जातो. त्यामुळे दिवसमानाला अधिक संवेदनशील असलेली वाणे फुलोऱ्यास विलंब लावतात. कडक थंडीनेही फुलोरा लांबतो. परंतु एकाच शेतात, एकाच दिवशी पेरलेली दोन वाणे वेगवेगळ्या वेळी फुलतात, त्याचे कारण आनुवंशिक असते.

जनुकांचे कार्य

हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ मध्ये ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. तेथे विकसित झालेले ‘आयसीसीव्ही २’ हे काबुली वाण सुमारे महिन्याभरात फुलते आणि मर रोगास प्रतिकारक आहे. उशिरा फुलणाऱ्या वाणाशी त्याचा संकर केला असता पहिल्या पिढीतील झाडे उशिरा फुलतात. दुसऱ्या पिढीत मात्र चार झाडांमागे सरासरी एक झाड लवकर फुलते. यावरून लवकर फुलण्याचा गुण एका अप्रभावी जनुकामुळे येतो, असा निष्कर्ष निघाला. त्या जनुकास ‘ईएफएल-१’ असे नाव देण्यात आले. पुढे निरनिराळ्या वाणांत मिळून लवकर फुलण्याची अशी चार जनुके ओळखण्यात आली.

‘आयसीसीव्ही ९६०२९’ हे वाण तर २४ दिवसांच्या सुमारास फुलते. त्यात ‘ईएलएफ ३’ या जनुकाचा लहानसा तुकडा गळालेला असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. हे जनुक लहान दिवसांत फुलोरा रोखून धरते. ते निकामी झाले की झाड मोठ्या दिवसाची वाट पाहत नाही.

लवकर म्हणजे नेहमीच चांगले काय?

तसे नाही. फार लवकर फुललेल्या झाडाला फांद्या फुटण्यास पुरेसा अवधी मिळत नाही, म्हणून घाटेही कमी लागतात. हलक्या, लवकर कोरड्या पडणाऱ्या जमिनीत हे झाड तग धरते. परंतु भारी जमिनीत किंवा पाण्याची सोय असेल तेथे तेच झाड उरलेल्या ओलीचा लाभ घेऊ शकत नाही. फुलोऱ्याचा काळ आणि ओलीचा काळ यांचा मेळ बसणे, हेच खरे सूत्र होय. आंध्र प्रदेशाचे उदाहरण बोलके आहे. तेथील अल्पकालीन हिवाळ्यास मानवणाऱ्या, ९५ ते १०० दिवसांत तयार होणाऱ्या ‘जेजी ११’ सारख्या वाणांमुळे हरभऱ्याचे क्षेत्र व दर हेक्टरी उत्पन्न दोन्ही वाढली. हे वाण १९९९ मध्ये प्रसृत झाले होते.

गावपातळीवर काय करता येईल?

बियाण्याची मागणी नोंदविताना ग्रामपंचायतींनी हलकी जिरायत, भारी जिरायत आणि बागायत अशी जमिनींची वेगळी यादी करावी व वाणाची निवड कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने करावी. मर रोगास प्रतिकारक वाणासच प्राधान्य द्यावे. जिरायत पेरणी ओल टिकून असतानाच उरकावी. एकच पाणी देणे शक्य असेल, तर ते फुलोरा येऊ लागताच द्यावे. शिक्षकांनी शाळेच्या वाफ्यात दोन वाणे एकाच दिवशी पेरून पहिल्या फुलाची व पहिल्या घाट्याची तारीख विद्यार्थ्यांकडून नोंदवून घ्यावी. आनुवंशिकतेचा पाठ त्यांना तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळेल आणि गावाच्या जमिनीस कोणते वाण मानवते, याची नोंदही हाती येईल.